तीनशे डॉलरचा मालक

(मिलवॉकीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आटोपशीर करून)

मंडळी, तिळगूळ घेऊन झालाय, आता गोड बोलायची सक्ती आहे. तेव्हा कबुली आधीच देऊन टाकतो. नोव्हेंबरात आपला दिवाळीचा कार्यक्रम झाला, त्या रविवारी सकाळी मी सेक्रेटरीताईंना 'अंगात कणकण आहे, येऊ शकत नाही' असा मेसेज केला होता. ताई, कणकण होती. फक्त ती इथे मिलवॉकीत नव्हती, ग्रीन बेला लॅम्बो फील्ड या फुटबॉल स्टेडियमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर बसून भरलेली होती.

घरी त्यावरून आधी भांडण झालंच होतं. "वर्षातून एकदा सगळे भेटतात, आणि तू त्याच दिवशी तो चेंडू बघायला जाणार?" मी म्हटलं, "माणसं पुढच्या वर्षीही भेटतील, हे तिकीट परत मिळायचं नाही." बायको गप्प बसली. आमच्याकडे ती गप्प बसली की मी हरलेला असतो, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

तिकिटाचं मात्र मी खोटं बोललो नव्हतो. १९६० पासून पॅकर्सचा, म्हणजे ग्रीन बेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, गावातला प्रत्येक सामना आधीच विकला गेलेला आहे. सीझन तिकिटांच्या वेटिंग लिस्टवर एक लाख चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत आणि गावाची वस्ती जेमतेम लाखभर. म्हणजे गावापेक्षा रांग मोठी! आपल्या वडिलांनी बजाजची स्कूटर बुक केली होती, टेलिफोनसाठी अर्ज टाकून ठेवला होता, त्यामुळे रांगेचं आपल्याला कौतुक नाही. पण इथे लोक पोर जन्माला आल्याबरोबर त्याचं नाव यादीत घालतात. आपल्याकडे आत्यानं कानात कुर्र करायच्या आधी इकडे अर्ज गेलेला असतो. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे आजोबांपासून चालत आलेली पाच तिकिटं आहेत. त्याचा भाऊ आजारी पडला आणि त्यातली दोन माझ्या आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आली.

आता मी पॅकर्सचा साधा चाहता नाही, मालक आहे, हे तुमच्यापैकी ज्यांना मी अजून ऐकवलेलं नाही त्यांनी हात वर करा. कोणीच नाही. बरोबर. २०२१ च्या हिवाळ्यात क्लबनं शेअर काढले तेव्हा तीनशे डॉलर मोजून मी एक घेतला. १९२३ पासून हा संघ कुठल्या शेठजीचा नाही, लोकांचा आहे. आज पाच लाखांवर भागधारक आहेत. माझे वडील आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याचे सभासद होते. दिवाळीला सवलतीची साखर यायची आणि वार्षिक सभेत उभं राहून आरडाओरडा करायचा हक्क मिळायचा. पॅकर्सच्या शेअरवर साखरसुद्धा नाही. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, तिकिटाच्या रांगेत कोणी पुढे घेत नाही. जुलैत स्टेडियममध्ये भागधारकांची सभा भरते, तिला जाऊन बसता येतं, बस्स. मी ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. बायको म्हणाली, "गुंतवणूक आहे म्हणालास ना? मग देवाच्या भरवशावरच आहे."

त्या 'पॅकर्स' नावाचीही गंमत आहे. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या पोरसवद्या कारकुनानं आपल्या कंपनीकडून जर्सींसाठी पाचशे डॉलर मागून घेतले. मांस डबाबंद करणारी कंपनी, नाव इंडियन पॅकिंग कंपनी. त्या 'इंडियन'चा आपल्याशी काडीचा संबंध नाही. तरी मी ऑफिसात बरीच वर्षं अभिमानानं सांगत होतो.

तर, आम्ही पहाटे निघालो. आय-४३ महामार्गानं दोन तास. स्टेडियम एखाद्या शहराबाहेरच्या माळावर असेल असं वाटतं, पण ते चक्क वस्तीत आहे, साध्या बैठ्या घरांच्या मध्ये. लोक आपल्या अंगणात गाड्या लावून देतात आणि पैसे घेतात. अगदी जत्रेच्या गावासारखं. आम्हाला जागा देणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, "कितवं वर्ष?" मी म्हटलं, "पहिलंच, पण टीव्हीवर अठरा." त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. डॉक्टर पेशंटकडे पाहतो तसं.

टेलगेटिंगला, म्हणजे सामन्याआधी गाडीमागे चालणाऱ्या खाण्यापिण्याला, सहकाऱ्याच्या घरच्यांनी बिअर आणि कांद्यात उकळलेले ब्रॅट (सॉसेज) शेगडीवर टाकले होते. मी बटाटेवडे नेले होते. पारा शून्याखाली. पहिला वडा गरम, दुसरा कोमट, तिसऱ्यानं एखाद्याला जखमी करता आलं असतं. पण संपले सगळे, आणि लसणाची चटणी त्यांनी ब्रॅटवर घातली. या कार्यक्रमातला माझा एकमेव टचडाउन.

सहकाऱ्याचे वडील, वय ऐंशीच्या पुढे, १९६७ च्या ३१ डिसेंबरला इथे होते. आइस बोल म्हणतात तो गाजलेला गोठता सामना. उणे पंचवीस सेल्सियस, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, सोळा सेकंद उरले असताना पॅकर्सच्या बार्ट स्टारनं चेंडू स्वतःच पोटाशी धरून गोललाइनवर मुसंडी मारली आणि डॅलसला २१-१७ हरवलं. त्या दिवशी पन्नास हजार माणसं होती, पण इकडे ज्याला विचारावं त्याचं कोणीतरी तिथे होतंच. जसे २०११ च्या २ एप्रिलला वानखेडेवर आपले निम्मे नातेवाईक होते. या आजोबांनी आम्हाला दोन पुठ्ठ्याचे तुकडे दिले. पायाखाली घालायला. सिमेंटमधून थंडी बुटात चढते, ती पुठ्ठ्यानं अडते. तीनशे डॉलरच्या मालकाला हे माहीत नव्हतं.

बाक आखलेले आहेत, नंबर घातलेले आहेत, पण माणसाच्या रुंदीचा हिशेब उन्हाळ्यातल्या कपड्यांवर केलाय. त्यामुळे चार-चार थर घातलेली माणसं एकमेकांत रुतून बसतात. ऐंशी हजार माणसं. आणि सामना सुरू झाल्यावर मी काय केलं? पॅकर्सकडे चेंडू, क्वार्टरबॅक (चाल ठरवून चेंडू फेकणारा) चाल सांगतोय, आणि मी सांगलीच्या कबड्डीच्या मैदानावर ओरडावं तसा जिवाच्या आकांतानं ओरडलो, "हाऽऽण!"

सगळीकडे शांतता होती, मंडळी. आपल्याकडे चेंडू असला की गप्प बसायचं असतं. क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्या दहा जणांना ऐकू गेला पाहिजे. समोरच्याकडे चेंडू गेला की तोंड उघडायचं, आणि त्याच्या थर्ड डाउनला, म्हणजे निर्णायक तिसऱ्या प्रयत्नाला, तर छप्पर नसलेलं छप्पर उडवायचं. अठरा वर्षं सोफ्यावर बसून मला हे कळलं नव्हतं, कारण सोफ्यावर आवाज कमी ठेवायचा असतो. सहकाऱ्याची आठ वर्षांची पुतणी माझ्याकडे वळली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

सामना कोण जिंकलं ते सांगत नाही. इथे शिकागोहून आलेले, पॅकर्सच्या जुन्या वैऱ्यांचे, बेअर्सचे चाहते बसलेत आणि त्यांना जेवायचंय.

हाफटाइमला आम्ही हॉट चॉकलेटच्या रांगेत होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तू ना, नेहमी दोन सेकंद लेट ओरडतोस. सगळे उठले की मग तू उठतोस. त्या अंकलनं तुला मिठी मारली तर तू असा उभा होतास." आणि त्यानं करून दाखवलं, अगदी देवळातल्या खांबासारखं. "तू इथे पाहुण्यासारखा आहेस."

मी म्हटलं, "अरे, मी मालक आहे!"

तो म्हणाला, "हो, पण मी मंडळात असतो ना, तसा."

तिसरा क्वार्टर मला आठवत नाही.

त्याला पुन्हा विचारलं तर म्हणाला, काही नाही रे, तिकडे सगळे हसले की मी हसतो. जोक नंतर आई गाडीत सांगते. तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. तक्रार असती तर मी भांडलो असतो, आपल्याला ते छान जमतं.

गेली सात वर्षं हा मुलगा आपल्या स्टेजवर आहे. कोळ्याची लाल टोपी त्यानं घातली, वारकरी तो झाला, एकदा तर अफझलखानही झाला कारण उंच होता. आपण फोटो काढले. आणि टोपी उतरली की आपण त्यांना तिकडे कोटांच्या खोलीत पाठवतो, फोन देऊन, कारण आता मोठ्यांचा कार्यक्रम. त्या आठ वर्षांच्या मुलीला कोणी रविवारच्या वर्गात बसवून 'केव्हा गप्प बसावं' शिकवलं नव्हतं. ती फक्त आजोबा आणि काका यांच्या मध्ये रुतून बसली होती. मध्येच तिनं काहीतरी विचारलं, आणि ऐन थर्ड डाउनला आजोबांनी मान वळवून तिला सांगितलं. गेल्या गणपतीत एका पोरानं मला आरती चालू असताना विचारलं होतं, "संकटी पावावे म्हणजे पाव का?" मी त्याला म्हटलं, "नंतर सांगतो." मग प्रसादाची रांग लागली. मला वाटतं, तो अजून वाट बघतोय. वेटिंग लिस्ट आपल्याकडेही आहे, मंडळी, फक्त कमिटीत यायला नाही. तिथे जागा कायम रिकाम्या.

हेही म्हणेन की त्यांचं सोपं आहे. आजोबांचं घर तिथून चार गल्ल्यांवर, भाषा तीच, बाक तोच. आपण काय वारसा देणार, अर्ध्या वाटेवरची माणसं? हे मी स्वतःला परतीच्या रस्त्यात सांगत होतो आणि ते मला पटतही होतं. मग आठवलं की आपण बारा वाजताच्या कार्यक्रमाला एक वीसला येतो, कारण दीडला जेवण असतं. त्याला आजोबांचं घर लांब असल्याचं कारण देता येत नाही. तिकडे रात्री बर्फ पडला तर सकाळी शेकडो लोक फावडी घेऊन स्टेडियम साफ करायला येतात. तासाचे पैसे मिळतात त्यांना, मान्य. आपण एकदा खुर्च्या घडी करायला पैसे देऊन बघायला हरकत नाही. मी येईन.

गाडीत मुलगा पॅकर्सवाल्यांची ती चीजच्या तुकड्यासारखी पिवळी त्रिकोणी टोपी डोक्यावर ठेवूनच झोपला. मंडळाच्या ग्रुपवर तुमच्या फराळाचे फोटो येत होते. चकल्या फारच सुंदर दिसत होत्या, ताई.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, माझं नाव त्या लिस्टवर घालशील? मी खूश. रांगेचा हिशेब त्याला सांगितला, नंबर लागेपर्यंत तू माझ्यापेक्षा म्हातारा असशील. चालेल म्हणाला. अर्ज भरायला बसलो. नाव त्यानं स्वतः लिहिलं. पत्त्याशी थांबला. "बाबा, तोपर्यंत आपण इथे असू?"

बायको पोळ्या करत होती, तिनं लाटणं थांबवलं. तिला वाटलं मी काहीतरी म्हणेन. मलाही वाटलं. आमचं 'पाच वर्षांत परत जाऊ' किती वर्षं चाललंय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तुमचंही तेवढंच जुनं आहे.

अर्ज फ्रिजवर चुंबकानं लावलाय. आज निघताना पाहिला, नावाच्या पुढे अजून कोरा आहे. मुलगा आत्ता मागे कोटांच्या खोलीत आहे, तुम्ही मघाशी हसलात तेव्हा दारातून डोकावून गेला. कशाला हसलात ते त्याला गाडीत सांगायचंय. सेक्रेटरीताई घड्याळ दाखवताहेत, गुळाच्या पोळ्या गार होताहेत. चला.