रबराचा पीळ

(दृश्य: लिफ्टवर चढवलेली स्पोर्ट्स कार. पुढचं डावं चाक उतरवलेलं. कॅमेरा लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, स्थिर.)

वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि गाडीचं नाक किंचित एका बाजूला जातं. तक्रार एवढीच. ब्रेकच्या डिस्क बदलून झाल्या. टायर बॅलन्स करून झाले. थरथर काही दिवस कमी झाली आणि पुन्हा आली.

मेकॅनिक आर्म आणि चासीच्या मध्ये छोटी पहार घालतो. जोर लावत नाही, नुसती उचकतो. आर्म सहज बाजूला सरकतो आणि सुटल्यावर ‘टक्’ करून जागेवर येतो.

(दृश्य: बुशचा जवळून शॉट. रबराला चंद्रकोरीसारखी भेग.)

हा बुश. दोन नळ्या, एकीत एक, आणि मध्ये रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून घट्ट बसवलेली, आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली, आणि रबर कारखान्यातच दोन्हींना चिकटवून पक्कं केलेलं. म्हणजे चाक वर-खाली होताना इथे काहीच घसरत नाही. रबर पिळलं जातं आणि उलगडतं, दर खड्ड्याला, दर वळणाला. म्हणून तर या सांध्याला कधी ग्रीस लागत नाही.

लोअर आर्मला असे दोन बुश असतात. पुढचा लहान आणि कडक, तो वळणातला आडवा भार पेलतो. मागचा मोठा आणि मऊ. चाक खड्ड्यावर आपटलं की त्याने थोडं मागे जावं, ही सवलत या मागच्या बुशने दिलेली असते. रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या दिसतात ना, त्या त्यासाठीच. आता या रबराला भेग पडली की सवलतीचा गैरफायदा सुरू होतो. मागचा बुश ३ मिमी सरकला, तर चाकही जवळपास तेवढंच मागे-पुढे होतं. स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा टाय रॉड मात्र जागच्या जागी, त्यामुळे चाकाचा रोख बदलतो. ब्रेक दाबताना गाडीचं नाक वळतं ते यामुळे. डिस्कमधला बारीकसा दोषही हा ढिला बुश मोठा करून स्टिअरिंगपर्यंत पोचवतो, आणि डिस्क बदलल्यावर ‘थोडं बरं वाटतंय’ असं वाटतं ते याच कारणाने.

(दृश्य: जुना बुश. मार्करने आर्मवर ओढलेली खूण.)

काढायच्या आधी एक रेघ ओढायची. पोकळ्यांची दिशा ठरलेली असते. नवा बुश काटकोनात फिरवून बसवला, तर जिथे मऊ हवा तिथे तो कडक होतो आणि जिथे कडक हवा तिथे मऊ.

जुना बुश सुखासुखी निघत नाही. हायड्रॉलिक प्रेस, आणि नळीच्या मापाचे कप. प्रेस नसेल तर जाड आट्यांचा रॉड, दोन वॉशर आणि भरपूर चिकाटी. काही जण रबर जाळून काढतात. तो धूर विषारी असतो, आणि बुश पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा, असेल तर त्यात हायड्रोजन सायनाइडसुद्धा असू शकतो. त्यापेक्षा रबर ड्रिलने मोकळं करावं आणि बाहेरची नळी हॅकसॉने आतून चिरावी. आर्मला पातं लागलं नाही पाहिजे, इतकंच. वेळ लागतो. लागू द्या.

बसवताना थोडं भौतिकशास्त्र कामाला येतं. हा आर्म ॲल्युमिनियमचा आहे. ५० मिमीचं भोक ६० अंशांनी तापवलं, तर साधारण ०.०७ मिमीने मोठं होतं. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, तर त्याची पोलादी नळी ०.०३ मिमीच्या आसपास आकसते. ऐकायला किरकोळ वाटतं, प्रेसच्या दांड्याला विचारा! तापवायचं ते हॉट एअर गनने, थेट ज्योतीने नाही. रबराजवळ साधं ग्रीस अजिबात नको. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

(दृश्य: बाजूबाजूला ठेवलेले काळा रबरी बुश, लाल पॉलियुरेथेनचा बुश, चकाकता स्फेरिकल बेअरिंग.)

आता मोहाची जागा. परफॉर्मन्स कार आहे, मग कडकच टाकू या! रबराचा कडकपणा शोर ए मापावर बहुधा ५० ते ७०, पॉलियुरेथेनचा ८० ते ९५. पण पॉली नळीला चिकटवलेलं नसतं. ते पिळत नाही, नळीभोवती घसरतं. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते सुकलं की कुरकुर सुरू. शिवाय आर्म एकाच अक्षात हलत नसेल तर पॉली अडखळतं. स्फेरिकल बेअरिंग, म्हणजे खोबणीत फिरणारा धातूचा गोळा, अडखळत नाही, पण कणभरही दबत नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा थेट केबिनमध्ये येतो. ट्रॅकवरच्या गाडीला चालेल. रोजच्या गाडीच्या मागच्या मऊ बुशच्या जागी मी तरी रबरच घेईन.

मऊपणा म्हणजे तडजोड, असं समजणाऱ्यांनी १९७७ साली आलेली पोर्शे ९२८ आठवावी. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक बाहेरच्या दिशेला तोंड फिरवतं आणि गाडीची शेपूट निसटते, ही तेव्हाच्या अनेक गाड्यांची खोड. पोर्शेच्या इंजिनिअरांनी मागच्या आर्मच्या पुढच्या सांध्याला हिशेबाने मोकळीक दिली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकाला बसणाऱ्या त्याच मागच्या ओढीने चाक आतल्या बाजूला वळू लागलं आणि गाडी स्थिरावली. त्या रचनेला वायसाख ॲक्सल म्हणतात. तिथे सगळंच कडक करून टाकणारा माणूस त्या इंजिनिअरांचं काम खोडून काढत असतो.

(दृश्य: आर्म परत गाडीवर. चाक हवेत लोंबतंय. मेकॅनिकचा हात पान्याकडे जातो आणि थांबतो.)

सगळ्यात जास्त नवे बुश इथे मरतात. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर आतली नळी त्याच कोनात जखडली जाते. ३५० मिमीचा आर्म, चाक ९० मिमी खाली आलेलं, म्हणजे जवळपास १५ अंश. गाडी खाली उतरवली की रबर तेवढं पिळलेलंच राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. मग खड्डा आला की त्याच्यावर आणखी पीळ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तो पीळच सुंभाला खातो.

म्हणून बोल्ट आधी हाताने, सैलसर. मग आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं, किंवा गाडी सरळ रॅम्पवर चाकांवर उभी करायची. आणि मगच टॉर्क पाना, कंपनीने दिलेल्या आकड्यावर. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवेच घालायचे. जॅकवरची गाडी स्टँडशिवाय असेल, तर तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही.

उजवी बाजू. तेच सगळं. मग अलाइनमेंट, कारण चाकांचा रोख आता आधीचा राहिलेला नसतो.

(दृश्य: गाडी रस्त्यावर. केबिनमधला आवाज.)

जोरात ब्रेक. स्टिअरिंग शांत, नाक सरळ. पुढे एक खड्डा. समोरून काहीच ऐकू येत नाही.

मागून मात्र, आजवर त्या खडखडाटात दबून राहिलेली, एक बारीकशी टक्-टक्.

(दृश्य: इंडिकेटर लागतो. गाडी वळून परत गॅरेजकडे.)