दुपारनंतर जड होणारी पापणी: मायस्थेनिया ग्रेव्हिस

नमस्कार. सकाळी चेहरा अगदी ठीक असतो, दुपारी जेवताना शेवटचे चार घास चावायला जबडा साथ देत नाही आणि रात्री टीव्हीसमोर बसल्यावर एकाच्या दोन आकृत्या दिसू लागतात. नेहमीच्या थकव्याने अंग मोडून येते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये मात्र जो स्नायू वापरावा तोच ढिला पडतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा सावरतो.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, ते स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे हा संदेश पकडणाऱ्या जागांना, चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती बहुधा याच ग्राहींवर हल्ला करते. लागोपाठ हालचाली केल्या की दर वेळी सुटणारे रसायन थोडे कमी होत जाते, हे निरोगी माणसातही घडते. पण त्याच्याकडे ग्राहींची शिल्लक भरपूर असल्याने ते जाणवत नाही. या रुग्णांकडे ती शिल्लकच उरत नाही, म्हणून वापरता वापरता स्नायू ढिला पडतो.

1934 साली लंडनच्या ग्रिनिच भागात डॉ. मेरी वॉकर यांनी या दुर्बलतेचे, स्नायू लुळे पाडणाऱ्या क्युरारे विषाच्या परिणामाशी असलेले साम्य हेरले, त्या विषावरचा उतारा असलेले फायसोस्टिग्मिन रुग्णाला टोचले आणि सैल पडलेले स्नायू काही काळ कामाला लागले. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच जातकुळीची आहे. मूळ बिघाडासाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे लागतात आणि काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढावी लागते.

निदान रखडण्याचे एक कारण साधे आहे: सकाळच्या ओपीडीत रुग्ण ठणठणीत दिसतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून परत येतो. म्हणून संध्याकाळी खाली ओघळलेल्या पापणीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवावा.

निदान झाल्यावर मेडिकलमधून परस्पर गोळी आणण्याची आपली सवय मात्र सोडावीच लागते, कारण सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकांनी ही दुर्बलता एकाएकी वाढू शकते. दातांच्या डॉक्टरांनाही आजाराचे नाव आधी सांगावे.

गिळताना ठसका लागू लागला, बोलताना वाक्य पुरे होण्याआधी दम लागला किंवा उताणे झोपवेना, तर तडक रुग्णालय गाठावे. ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला दिसतो म्हणून थांबू नये, कारण श्वासाचे स्नायू थकत आले तरी तो आकडा बऱ्याच उशिरा घसरतो.