योगाचार्य अय्यंगारांनी शिकवलेले वार्धक्य

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे २० ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या आसनांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज बोलायचे आहे ते वार्धक्याविषयी त्यांनी जे शिकवले त्याविषयी. 'आता आमचे काय राहिले?' हे वाक्य आपल्या घरांतून फार लवकर, कधी कधी साठीच्याही आधी ऐकू येते, आणि त्याला त्यांच्या आयुष्याइतके सडेतोड उत्तर मला दुसरे ठाऊक नाही.

१९१८ मध्ये कर्नाटकातील बेळ्ळूर येथे, इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेले हे मूल अशक्त होते. पुढे मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्याला पोखरले. १९३७ मध्ये गुरू कृष्णम्माचार्यांच्या आज्ञेने ते योग शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि कायमचे पुणेकर झाले. पण खरी परीक्षा झाली ती साठीत. १९७९ मध्ये थोड्या काळाच्या अंतराने स्कूटरचे दोन अपघात झाले, पाठीचा कणा, खांदे आणि गुडघे दुखावले, आणि ज्या आसनांमुळे जग त्यांना ओळखत होते तीच त्यांना जमेनाशी झाली. अशा वेळी वयाकडे बोट दाखवून थांबले असते, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र नवशिक्यासारखी प्राथमिक आसनांपासून पुन्हा सुरुवात केली आणि कित्येक वर्षे चिकाटीने अभ्यास करत राहिले. त्यांच्या पूर्वीच्या कौशल्यापेक्षा ही गोष्ट मला कितीतरी मोठी वाटते.

त्यांच्या शिकवण्यात लाकडी विटा, पट्टे, दोर, लोड, घड्या घातलेली ब्लँकेटे आणि खुर्च्या यांना जे स्थान होते, तेही याच संदर्भात समजून घ्यावे. त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर घोट्याशेजारी वीट उभी करून तळवा तिच्यावर ठेवायचा आणि मागच्या पायाची टाच भिंतीला टेकवायची. मग तोल जाण्याची भीती राहत नाही, छाती मोकळी उघडते, श्वास सहज चालतो आणि सत्तरीतल्या माणसालाही त्या आसनात स्थिर राहता येते. मात्र विटेवर सगळा भार टाकून शरीर सैल सोडणे त्यांना मुळीच चालत नसे. आधार घेतल्यावर मांडीचा स्नायू अधिक जागा हवा, लक्ष अधिक सूक्ष्म हवे, असा त्यांचा आग्रह असे. काठी घ्यायला लाजणाऱ्या आणि मग घराबाहेर पडणेच सोडून देणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हे जरूर ऐकावे. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना तर त्यांनी वयाच्या ऐंशीनंतर शीर्षासन शिकवले होते. अर्थात, जाणत्या शिक्षकाशिवाय आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तसे धाडस कोणीही करू नये.

मृत्यूच्या भयाला पतंजलींनी अभिनिवेश म्हटले आहे आणि ते विद्वानांनाही सुटत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. हे भय केवळ उपदेशाने जात नाही, हे अय्यंगार जाणून होते. म्हणून शरीर, श्वास आणि मन यांचा अभ्यास अखेरपर्यंत चालू ठेवण्यावर त्यांचा भर होता, आणि तो त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही सोडला नाही. तरुणपणी केलेल्या आसनांची बेरीज करत बसण्यापेक्षा आज या गुडघ्याला, या खांद्याला काय जमते हे नव्याने पाहणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेलाच अभ्यास दृढ होतो, हे पतंजलींचे सूत्र त्यांनी असे वयाच्या प्रत्येक टप्प्यावर जगून दाखवले.

ज्यांना आज प्रारंभ करावासा वाटतो त्यांनी भिंतीजवळ, पाठीशी टेकू घेऊन सरळ उभे राहावे, दोन्ही पायांवर भार समान येतो आहे का ते पाहावे आणि श्वास न रोखता काही क्षण तसेच थांबावे. या समस्थितीलाच ताडासन म्हणतात, आणि अय्यंगारांच्या पद्धतीत उभ्याने करायच्या आसनांची सुरुवात याच आसनाने होते.