हरल्याच्या रात्री

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारी १९६०. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलियाचा संघ आणि खेळपट्टीवर वीस वर्षांचा एक देखणा हैदराबादी मुलगा, अब्बास अली बेग. आदल्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी मँचेस्टरला आपल्या पहिल्याच कसोटीत ११२ धावा केल्या होत्या. इथं त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतकं काढली. दुसऱ्या डावात एक मुलगी प्रेक्षकांमधून उठली, धावत मैदानात आली आणि हजारो लोकांदेखत तिनं त्यांच्या गालाचा मुका घेतला. रेडिओवर समालोचनाला जुने फलंदाज विजय मर्चंट होते. आम्ही शतकं, द्विशतकं काढत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठे होत्या, असं ते तिथल्या तिथं बोलून गेले.

त्या मुलीची आठवण मला परवा माझ्या भाचीमुळे झाली. ती कॉलेजात आहे. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा, म्हणून डोकावले, तर हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी. नायक अमेरिकेतला आइस हॉकीपटू. या मुलीनं आइस हॉकीचा एक सामनाही पाहिलेला नाही. मी विचारलं, "अगं, मग यात तुला एवढं काय सापडतं?" ती म्हणाली, "मावशी, मॅच मी भराभर वाचून टाकते. मॅचनंतर तो घरी येतो ना, ती पानं मी दोनदा वाचते."

मग मीही तिच्याकडून दोन-तीन कादंबऱ्या घेऊन वाचल्या आणि मला त्या मनापासून आवडल्या. खेळाच्या प्रेमकथांचा हा प्रकार अमेरिका-कॅनडात गेली दहाएक वर्षं जोरात आहे, आणि त्यात आइस हॉकीचा मान पहिला. कारण कळायला वेळ लागत नाही. हा खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात असतो. बर्फावर मारामारी केली, तर शिक्षा म्हणून पाच मिनिटं बाहेर बसतो आणि पुन्हा खेळायला उतरतो. एका हंगामात ऐंशीच्या वर सामने, निम्मे परगावी. म्हणजे विरह आयताच मिळतो. कर्णधार अभ्यासात मागे आणि शिकवायला येणारी मुलगी हुशार, किंवा दोघांनी गरजेपोटी प्रेमाचं नाटक करायचं आणि त्यातच खरोखर गुंतायचं, हे साचे वाचकाला पाठ असतात. तरी तो वाट पाहतो ती एकाच प्रसंगाची. संघ हरलाय. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलाय. मनगटाची पट्टी घामानं घट्ट चिकटलीय, एका हातानं सुटत नाही. ती काही न बोलता कात्री आणते. स्टेडियमला दिसत नाही ते एवढंच, आणि तेच वाचायला मिळतं.

खऱ्या खेळाडूला हा एकांत किती महाग पडतो, ते आपल्याला सचिन-अंजलीच्या गोष्टीतून ठाऊक आहे. लग्नाआधी दोघांना एकदा सिनेमाला जायचं होतं, म्हणून सचिननं खोटी दाढी लावली, चष्मा घातला. तो चष्माच ऐनवेळी पडला, लोकांनी ओळखलं आणि सिनेमा अर्धा टाकून निघावं लागलं. मला हा प्रसंग कुठल्याही कादंबरीहून गोड वाटतो, आणि थोडा दुखतोही. बावीस यार्डांत कुणालाही न घाबरणारा मुलगा, त्याला अंधारात शेजारी बसायला दाढी चिकटवावी लागते!

नायक कल्पनेतला असतो तोवर वाचकानं त्याच्यावर हवं तेवढं प्रेम करावं. पण २०२३ मध्ये सिएटल क्रॅकन या आइस हॉकी संघाच्या बाबतीत गाडी पुढे गेली. या कादंबऱ्यांच्या वाचक मुलींना संघानं समाजमाध्यमांवर आधी आपणहून जवळ केलं. मग काहींनी अलेक्स वेनबर्ग या खऱ्या खेळाडूच्या शरीराबद्दल उघड उघड नको ते लिहायला सुरुवात केली. त्याच्या बायकोनं जाहीर हरकत घेतली, मग तोही बोलला, आणि संघानं आपला तो मजकूर उतरवला. बायको बोलली म्हणून तिलाच शिव्या पडल्या. याचा मला संताप येतो. ज्या पुस्तकांनी खेळाडूच्या आतला माणूस दाखवला, त्यांच्याच काही वाचकांना समोरचा जिवंत माणूस दिसू नये?

आणि बेग? १९६० च्याच डिसेंबरात, त्याच ब्रेबॉर्नवर, पाकिस्तानविरुद्धची मालिका सुरू झाली. पहिल्या कसोटीत एक, कानपूरला तेरा, कलकत्त्याला एकोणीस आणि एक. चार डावांत ३४ धावा. मुसलमान म्हणून मुद्दाम खेळला नाही, असे आरोप झाले, द्वेषानं भरलेली पत्रं आली. ते संघाबाहेर गेले आणि थेट सहा वर्षांनी परतले. कारकीर्द दहा कसोटींत आटोपली.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, ती पत्रं येत होती तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं गं?"