डिसेंबरातला पंखा

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातली गल्ली, पहाट. खिडकीतून दिसणारा फिरता पंखा.)

कोपऱ्यावर शेकोटी पेटली आहे आणि या घरात पंखा फुल स्पीडवर. सून रजईतूनच विचारते, "आई, एवढ्या थंडीत पंखा काऊन लावला?" आई काही बोलत नाहीत. पदरानं मानेवरचा घाम पुसतात आणि वर खिडकीही उघडतात.

वय 51. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यापायी अंगातून अशा गरम वाफा निघतात. मे महिन्यात कुणाला पत्ता लागला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम कुणाला फुटत नाही? सगळा दोष कूलरवर गेला. थंडीनं चोरी पकडली.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं आणि घर एका सुरात म्हणालं, "नको, त्यानं अटॅक येतो."

ही धास्ती अमेरिकेतून आली, जुलै 2002 मध्ये. त्याआधी डॉक्टर याच गोळ्या हृदयाच्या रक्षणासाठी देत. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं. पाळी गेल्यावर ते आटलं, तर बाहेरून द्या. हिशेब सरळ होता. मग 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात 16,608 बायकांवर तो तपासला, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दर 10,000 बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे 7, पक्षाघाताचे 8 आणि स्तनाच्या कॅन्सरचे 8 रुग्ण जास्त निघाले.

बातमी पोचली. बायकांचं वय मात्र वाटेतच गळालं. सरासरी 63! बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढले, तेव्हा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत असलेल्या बायकांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही.

म्हणून आज या गोळ्या देतात त्या अंगातून निघणाऱ्या वाफांसाठी, शक्यतो साठीच्या आत. हृदय वाचवायला नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर सहसा देत नाहीत. त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी.

(दृश्य : दवाखाना. टेबलावर बीपीचं यंत्र.)

गोळीला एवढं घाबरणाऱ्या घरात आईंचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे मात्र कुणालाच आठवेना. डॉक्टरीणबाई दंडाला पट्टा गुंडाळतात. 154/96.

"जिना चढून आली ना मी," आई म्हणतात.

पाच मिनिटं बसवतात. पुन्हा पट्टा, पुन्हा हवा.

150/94.