‘शॅल’ आणि ‘विल’: देणे आणि इच्छा

श्रोतेहो, ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, इतरांपुढे ‘विल’, हा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत घोकलेला आहे, आणि माझी तक्रार त्या तक्त्याविषयीच आहे. कारण तो या दोन निराळ्या शब्दांना एकाच भविष्यकाळाचे प्रत्यय करून टाकतो.

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असे सांगितले आहे की प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करतो आणि ‘विल’ वचन देतो किंवा धमकावतो, तर द्वितीय आणि तृतीय पुरुषांत हे उलटते. शाळेने यातला निम्माच नियम उचलला. उरलेल्या निम्म्याचा परिणाम सांगणारी एक जुनी गोष्ट मला फार आवडते. नदीत बुडणारा एक परका माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ असे ओरडतो. ‘मी आता बुडणार, मला कोणी वाचवणार नाही,’ असे त्याला म्हणायचे असते; काठावरच्या व्याकरणनिष्ठ इंग्रजांना मात्र ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर!’ असे ऐकू येते, आणि ते त्याच्या इच्छेचा मान राखतात. आपण हसलात, याचा आनंद आहे. पण हा माणूस बहुधा आयरिश किंवा स्कॉटिश असतो, कारण त्या प्रदेशांत प्रथमपुरुषीही ‘विल’ सर्रास चालत असे. इंग्रजीच्या शुद्ध वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनीही १९०६ साली मान्य केले की हा भेद दक्षिण इंग्लंडच्या लोकांना उपजत येतो आणि इतरांना साधणे कठीण जाते. मग नांदेडच्या मुलाचे गुण त्यासाठी का कापावेत?

जुन्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला कारभारी ‘माझ्या धन्याचे किती देणे लागतोस?’ असे विचारतो, तेथे जुन्या इंग्रजीतल्या भाषांतरात हेच क्रियापद आहे. आपल्याही ‘शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘जावे लागते’ यांत एकच ‘लागणे’ आहे. ‘विल’ म्हणजे इच्छिणे. म्हणून तो नाम होऊन इच्छाशक्ती आणि मृत्युपत्र हे अर्थ देतो, ‘ही विल सिट फॉर आवर्स’ यात सवय सांगतो, आणि ‘दॅट विल बी द पोस्टमन’ यात दारावर आत्ता कोण आहे याचे अनुमान करतो. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ या प्रश्नातही भविष्य विचारलेले नसून ऐकणाऱ्याची मर्जी विचारलेली असते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा कबूल केलेला कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये राज्याने कायद्यापुढील समानता नाकारू नये, हे ‘शॅल नॉट’ने सांगितले आहे, तेथे राज्य ऋणको आहे आणि प्रत्येक व्यक्ती धनको. अनुच्छेद १ मध्ये मात्र भारत हा राज्यांचा संघ ‘शॅल बी’ असे म्हटले आहे, आणि तेथे कोणी कोणाचे काही देणे लागत नाही. ती घोषणा आहे. एकाच शब्दावर अशी दोन कामे पडल्यामुळे एखाद्या कायद्यातला ‘शॅल’ बंधनकारक की केवळ निदेशात्मक, म्हणजे नुसती दिशा दाखवणारा, हे न्यायालयांना हेतू पाहून ठरवावे लागते. अमेरिकेने २००७ साली आपल्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून ‘शॅल’ काढून बहुतेक ठिकाणी ‘मस्ट’ घातला. मला हा उपाय टोकाचा वाटतो. मसुदा लिहिणाऱ्याने प्रत्येक ‘शॅल’पाशी थांबून हे देणे कोणावर आहे, असे विचारावे, आणि ऋणको सापडला नाही तर तेथे साधा ‘इज’ लिहावा.