नांगर विकला जाईना तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. जमलेलं काम नेटानं चालवायचं, की नवं काही करून बघायचं? गावची सोसायटी असो की साखर कारखाना, हा पेच सगळ्यांना पडतो. जेम्स मार्च या अमेरिकन अभ्यासकानं 1991 साली यावर गाजलेला लेख लिहिला. जमलेल्या कामाचं फळ लवकर आणि खात्रीचं. नव्याचं उशिरा, तेही मिळालं तर. त्यामुळे संस्था नकळत जुन्याकडेच झुकते. आणि नुसतेच प्रयोग करणाऱ्याच्या पदरात एकही काम धड पडत नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवायचे. (आज शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. हातानं आकृती काढणाऱ्या पोराला यंत्र आतून दिसतं.) नोकरी सोडून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेईना कोणी! शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. खरं तर लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच की! पण धास्ती बसली ती बसली. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं, श्रोतेहो! आजचं संचालक मंडळ असतं तर पहिल्याच मार्चअखेरीला ते खातं बंद झालं असतं.

लाकडी नांगर माती उकरतो. लोखंडी नांगर ढेकूळ उलथं पाडतो, हरळीच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात. हे बांधावर उभं राहून बघितल्यावरच पटतं. हळूहळू पटलं. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. नांगराचा जम बसला, म्हणून नवं काम थांबलं का? नाही. 1926 साली तिथंच पाण्याचा पंप तयार झाला. नांगर चालू, आणि पंपही चालू.

तासगावकडचे बागायतदार हेच करतात. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण बोरगावच्या बागेत थॉम्सन या जुन्या वाणातूनच निवडून काढलेलं. सगळी बाग कोणी एकदम मोडत नाही. दोन ओळी नव्या वाणाच्या, बाकी जुनं.

म्हणून सांगतो, जमलेलं काम चालू ठेवा आणि नव्यासाठी वेगळी रक्कम, वेगळा माणूस ठेवा. त्या माणसाकडे पहिल्याच वर्षी नफ्याचा हिशेब मागू नका. तुमच्या संस्थेची वार्षिक सभा असेल, तेव्हा अहवालात नव्या कामाचं खातं आहे का बघा. नसेल तर उभं राहून विचारा.